फिटर आहेत का घरात?

आमच्या ह्यांना गल्लीत नावानं कुणी ओळखत नाही. नाव घेऊन विचारलंत तर चार माणसं तुमच्या तोंडाकडे बघत राहतील. फिटर म्हणा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. त्या हिशेबानं मी फिटरीणबाई. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा मला असा राग आला की घेतलेलं सामान तिथंच टाकून घरी आले. हे म्हणाले, "अगं, डॉक्टरच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणतात तेव्हा ती सामान टाकून येते का?" कपाळ माझं!

ह्यांचं काम कापड रंगवायच्या कारखान्यात. तिथं एक भला मोठा बॉयलर आहे आणि त्याच्या वाफेचे पाईप छताखालून सगळीकडे गेलेत. ते जोडायचे, त्यांच्या गळत्या काढायच्या, वाल्व्ह बदलायचे, हे सगळं ह्यांच्याकडे. शिडीनं वर जायचं, एका माणसापुरत्या लोखंडी फळीवर उभं राहायचं आणि पाना फिरवायचा. खाली रंगाचे उकळते हौद. मी एकदाच तो कारखाना आतून पाहिला आणि परत पाहायला गेले नाही.

माणसाला सैल काही बघवतच नाही. कुणाच्या घरी गेलो की पाणी प्यायच्या आधी ह्यांचा हात दाराच्या बिजागरीवर. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा व्याही ह्यांना घरभर शोधत होते, आणि हे कुठं, तर जेवायच्या टेबलाखाली उताणे. पाय डुगडुगत होता म्हणे. टेबलाचा! मी लाजेनं अर्धी झाले. व्याही मात्र खूश, जाताना म्हणाले, "अधूनमधून येत चला, खुर्च्याही आहेत."

आता या फिट शब्दाचं सांगते, कारण माझं सगळं रडगाणं त्या एका शब्दाचं आहे. मी घरी शिलाईकाम करते. नवीन शिवण्यापेक्षा जुनं उसवून नीट करण्यात माझा हात बसलाय. बायका येतात आणि म्हणतात, "काकू, जरा फिटिंग करून द्या." बाई वाळली असेल तर त्याचा अर्थ घट्ट करा, आणि सुटली असेल तर सैल करा. शब्द तोच, अर्थ बाईच्या कमरेकडे बघून काढायचा. दिवे विकणाराही म्हणतो फिटिंग. लेक फोनवर विचारते, "बाबा फिट ना?" ती तब्येतीचं विचारते. कुणाचं कुणाशी चांगलं जमलं की त्यांचं फिट बसलं. आणि आपला स्वतःचा शब्द तर सरळ उलटा. आपल्याकडे गाठ फिटते म्हणजे सुटते, हौस फिटते म्हणजे संपते. त्यांचा फिट आवळतो, आपला फिट सोडतो, आणि दोघं एकाच तोंडात राहतात. मग घोटाळा होईल नाही तर काय!

सासूबाईंच्या तोंडात मात्र या शब्दाला एकच अर्थ होता. त्यांची धाकटी बहीण, तिला लहानपणापासून फिट यायची. हौदावर पाणी भरायला गेली, तिथंच आली आणि हौदात पडली. सासूबाई तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या, घागर घेऊन मागून येत होत्या. यापुढचं त्या कधी सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. त्यामुळे मुलगा शिकून आला आणि म्हणाला, "आई, मी फिटर झालो," तेव्हा त्या मटकन खालीच बसल्या. ह्यांनी समजावलं की फिटर म्हणजे जोडणारा. "मग जोडारी म्हण की मेल्या!" त्या म्हणाल्या. तेव्हापासून सगळ्या जगाचा फिटर, आणि त्यांचा एकटीचा जोडारी. पहिला पगार हातात ठेवला तेव्हा त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझे पांग फिटले रे बाळा." हे लगेच, "बघ, तूही फिट म्हणालीस!" त्यांनी पाठीत धपाटा घातला. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालीय की लेकीलाही पाठ आहे.

आणि मग एक दिवस ती फिट आमच्याच घरात आली. सुटीची सकाळ होती. हे स्वयंपाकघरात ओट्याखाली डोकं घालून नळाचा वॉशर बदलत होते. पाना वाजायचा थांबला. मी म्हटलं, "झालं का एकदाचं?" उत्तर नाही. मग पाय जमिनीवर आपटायला लागले. मला वाटलं शॉक बसला. मी किंचाळले आणि ह्यांचे हात घट्ट धरायला गेले. सासूबाई आतून आल्या. गुडघ्यांमुळे कधी खाली न बसणारी ती बाई फतकल मारून बसली, ह्यांना कुशीवर वळवलं, आपली शाल डोक्याखाली सारली आणि मला म्हणाली, "हात सोड त्याचे. फिट आहे. थांबेल." आवाजात जराही कंप नव्हता. कंप नंतर आला, हे शुद्धीवर येऊन "पाना कुठं गेला?" म्हणाले तेव्हा. तोंडात पदर कोंबून रडल्या.

डॉक्टर भला माणूस. तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या. म्हणाला, परत येईल किंवा कधीच येणार नाही, कुणी सांगू शकत नाही. पण शिडी नाही, आग नाही, चालती मशीन नाही, पाण्याच्या कडेला उभं राहणं नाही. हे म्हणाले, "मग आहे काय?" डॉक्टर म्हणाला, "गोळ्या आहेत."

रिक्षात बसल्याबसल्या ह्यांनी ठरवूनही टाकलं. कारखान्यात सांगायचं नाही. मी भांडले, रडले, अबोला धरून पाहिला. पण माझ्याकडे तरी कुठं दुसरी वाट होती? ज्याला वर चढता येत नाही असा फिटर तिथं ठेवून करणार काय? आणि हे दुसरं काही करू शकतील असं मला वाटतच नव्हतं. पोटाचं एक वेळ मी मशीनवर ओढलं असतं. पण या माणसाच्या हातातून पाना काढून घेतला तर उरतं काय, ते मला दिसत होतं. म्हणून घरात ठरलं, कुणी विचारलं तर ताप होता. सासूबाईंनाही बजावलं. त्यांनी ते इतकं पाळलं की शेजारीण रोज उठून टेहळणी करायची, तिलाही पत्ता लागू दिला नाही.

ह्यांनी आपल्या परीनं एक प्रयत्न केला. साहेबाला म्हणाले, गुडघे दुखतात, जरा खालचं काम द्या. साहेब वयानं लहान, ह्यांच्यावर जीव टाकणारा. तो मोठ्यानं हसला. "फिटर, तुम्ही चढला नाहीत तर कोण चढणार? अख्ख्या कारखान्यात तुमच्याइतकं फिट कोण आहे?" ह्यांनी मला हे सांगितलं तेव्हा हेही हसले. मला हसू आलं नाही.

मग माझे दिवस सुरू झाले. हे डबा घेऊन निघाले की मी मशीनवर बसायचे आणि सुई चालायची, पण कान फोनकडे. जेवणाच्या सुटीत हे एक मिस कॉल द्यायचे. उचलायचा नाही, बोलायचं नाही, फक्त वाजला की समजायचं, आहे. तो वाजला की माझ्या घशाखाली घास उतरायचा. सासूबाई त्या वेळेला बरोबर बाहेरच्या खोलीत येऊन बसायच्या. फोन वाजून थांबला की उठून आत जायच्या.

पावणेतीन महिने नीट गेले, आणि आम्ही जरा सैलावलो. मग एका संध्याकाळी परत आली. हात आधी थरथरला, ह्यांनी स्वतःच म्हटलं, "अगं, मला खाली बसव," आणि बसवेपर्यंत गेलेच. पण लवकर निभावलं. दुसऱ्या दिवशी सुटी टाकली. ताप म्हणून कळवलं. दुपारी हे गोळीच्या गुंगीत आत झोपले होते, ह्यांचा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून ठेवलेला, आणि मी एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला गेले. फार लांब नव्हते हो, कोपऱ्याच्या पलीकडे.

परत आले तर सासूबाई दारातच. चेहरा इतका उजळलेला की मला वाटलं लेकीचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, त्याच्या साहेबाचा फोन होता. किती भला माणूस! आपण उगीच लपवत बसलो. त्याला आधीपासूनच माहीत आहे."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "काय माहीत आहे? काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार? काळजीनं विचारलं बिचाऱ्यानं. काय आजी, फिटर एकदम फिट ना, म्हणाला. म्हटलं, एकदम नाही हो आली साहेब, आधी हात थरथरला, मग आली. पण मागच्यापेक्षा लवकर गेली."

त्या सांगतच होत्या. मग साहेबानं म्हणे हळू आवाजात विचारलं, मागे कधी आली होती? सासूबाईंनी तेही सांगितलं. ओट्याखालचं, शालीचं, सगळं. आणि वर हात जोडून म्हणाल्या, फोनवर हात जोडून, "साहेब, तो वर चढतो हो. खाली हौद आहेत म्हणतात. तेवढं तुम्ही बघा. माझी बहीण हौदातच गेली." साहेब म्हणाला, "बघतो, आजी."

"बघतो म्हणाला," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावरचं केवढं तरी ओझं उतरलं होतं.

आतून ह्यांचा आवाज आला. जागे झाले होते, सगळं ऐकलं होतं. बाहेर आले, आईच्या शेजारी बसले. मला वाटलं आता ओरडणार. ओरडायला हवं होतं असंही वाटलं. पण ह्यांना हसू फुटलं. "आई," हे म्हणाले, "एकदम फिट ना म्हणजे, अगदी बरा आहे ना. तो तब्येत विचारत होता गं."

सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अर्थ आत शिरायला वेळ लागला. शिरला तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. "मग बरा आहे का असं विचारायचं ना मेल्यानं," त्या पुटपुटल्या. "बरा हा शब्द काय वाईट आहे?"

खरंच, काय वाईट होता?

साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आला. माझ्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर अवघडून बसला, चहाला हात लावला नाही. म्हणाला, "फिटर, मला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी होती. आता कळलंय. तुम्हाला शिडीवर पाठवून मी खाली कसा उभा राहू?" डॉक्टरनं फिट आहे असं लिहून दिलं तर उद्याच कामावर घेतो म्हणाला. डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "मी लिहिलं आणि तुम्ही पडलात तर?" परत साहेबाकडे गेलो, खालचं काहीतरी द्या म्हटलं. गोदामात एक लंगडा माणूस होता, फाटकावर एक म्हातारा. साहेब म्हणाला, "यांतल्या कुणाला उठवू, तुम्हीच सांगा." हे म्हणाले, "कुणालाच नको." निघताना साहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं. असा राग आला मला त्या पाण्याचा! कुणीतरी एक जण नीच निघायला हवा होता. मी त्याच्या दारात जाऊन चांगली तासभर भांडले असते. पण डॉक्टरचं बरोबर, साहेबाचं बरोबर, आणि सासूबाईंनी तर कदाचित ह्यांचा जीव वाचवला असेल. भांडायला कुणी शिल्लकच नव्हतं.

मग हे घरी बसले. घरात जे जे सैल होतं ते दोन दिवसांत आवळून झालं. मग जे सैल नव्हतं तेही आवळलं. बरण्यांची झाकणं अशी बसवली की सासूबाईंना साखर काढायला मला हाक मारावी लागायची. माझ्या मशीनला तर इतकं तेल पाजलं की गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कपड्यावर डाग पडला. मी करवादले, "आता बास करा हो!" ह्यांनी तेलाची कुपी खाली ठेवली आणि मला माझ्याच जिभेचा राग आला. ह्यांच्या पँटी कमरेत सैल व्हायला लागल्या, त्या मी आत घेतल्या, मग परत घेतल्या. "फिटिंग चाललंय का माझं?" हे म्हणाले. लेकीला अजून सांगितलेलं नाही. तिचा फोन आला की विचारते, बाबा फिट ना, आणि हे म्हणतात, एकदम.

सासूबाईंनी फोनला हात लावायचं सोडून दिलं. वाजला की ताट सोडून उठायच्या आणि आत जायच्या. जोडारी म्हणून हाक मारणंही बंद केलं. एकदा मी कणीक मळताना मागून आल्या आणि म्हणाल्या, "माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता, आई!" त्यांना जवळ घ्यावं असंही वाटलं, आणि तोंडही बघू नये असंही वाटलं.

मी हातपाय हलवत होते. पलीकडच्या इमारतीत माझी एक गिऱ्हाईक आहे. तिच्याकडून कळलं की त्यांच्या पाण्याच्या पंपाचा जोड गळतोय आणि कुणी धड माणूस मिळत नाही. पंप जमिनीवर, अंगणात, उघड्यावर. शिडी नाही, आग नाही. पंप बंद करूनच काम करायचं. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, कुणी सोबत असेल तर चालेल. मी म्हटलं, मी बसते सोबत, हातशिलाई घेऊन. गिऱ्हाईक म्हणाली, सकाळी रखवालदाराला पाठवते, आणि हे काम जमलं तर आजूबाजूच्या इमारतींचंही ह्यांनाच मिळेल.

त्या सकाळी हे लवकर उठले. दाढी केली. कारखान्याचाच शर्ट घातला. पलंगाखालून पिशवी ओढून एकेक पाना पुसून आत ठेवला आणि पिशवी दारामागे आणून ठेवली. चहाच्या कपाचा सैल कान दाखवून म्हणाले, "हा आल्यावर चिकटवतो." किती दिवसांनी ह्यांच्या तोंडून 'आल्यावर' ऐकलं. मी न्हाणीघरात तोंड धुवायला गेले ती जरा वेळ तिथंच उभी राहिले.

तेवढ्यात दार वाजलं. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या, त्यांनी उघडलं. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. काम जमलं की सांगू, म्हणून ठेवलं होतं. मी तोंड पुसत बाहेर आले, हे आतल्या दारात पायांत चपला घालत होते.

"फिटर आहेत का घरात?" रखवालदारानं विचारलं.

सासूबाईंनी दोन्ही हातांनी दार धरलं. "नाही."

"अहो आजी, फिटर. इथंच ना..."

"नाही म्हटलं ना!" त्यांचा आवाज असा चढला की समोरच्या खिडकीत माणसं आली. "इथं कुणाला फिट येत नाही. कधी आली नाही. माझा मुलगा धडधाकट आहे. परवाही आली नाही, त्याआधीही आली नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

रखवालदार गोंधळला. त्यानं सासूबाईंच्या खांद्यावरून आत पाहिलं. हे उभे होते, अंगात शर्ट, पायांत चपला. त्यानं ह्यांना डोक्यापासून पायांपर्यंत एकदा न्याहाळलं, आणि काय ते त्याच्या लक्षात आलं. तो एक पाऊल मागे सरला. "बरं बरं, आजी," तो म्हणाला. "राहू दे मग. आम्ही दुसरं कुणी बघतो."

मी पुढे धावले. ह्यांनी मनगट धरून मला थांबवलं. दारात सासूबाई अजून तशाच उभ्या होत्या.

त्यांनी दार लावलं, कडी घातली, आणि वळल्या. दम लागला होता. हे समोर दिसताच त्यांचा चेहरा उजळला, अगदी त्या फोनच्या दुपारी उजळला होता तसाच.

"या वेळी नाही सांगितलं बघ मी," त्या हळूच म्हणाल्या. "बरोबर बोलले ना?"

ह्यांनी चपला काढल्या. पिशवी उचलून परत पलंगाखाली सारली.

"हो आई," हे म्हणाले. "अगदी बरोबर."